मापात

संत तुकाराम नगर, पिंपरी
रविवार, १६ नोव्हेंबर

ती. निरंजनदादास,

तनूचा वाकून नमस्कार. तुमच्या केंद्रात फोन काढून घेतात म्हणून माझ्यासारख्या आळशी मुलीला पत्र लिहावं लागतंय, तेव्हा चुका काढू नकोस. अण्णांचा गुडघा बरा आहे. आईने मेथीचे लाडू केलेत, डबा पाठवतेय. आता नीट बस. दादा, माझं लग्न ठरलं! सुपारी फुटली! तळवड्याचा सार्थकच, दुसरा कोण?

गेल्या पत्रात अक्षर वाकडं आलं म्हणून तू माफी मागितलीस. वेडा आहेस का? मला सगळं वाचता आलं. "लग्न ठरलं तर मला बोलावू नका, तळवड्याच्या हळदीत ग्लास फिरणार," हेही वाचता आलं. त्याचं उत्तर पुढे देते.

आधी बैठकीची गंमत ऐक. मानपान, जेवण सगळं गोडीत मिटलं आणि सार्थकचे चुलते दादासाहेब म्हणाले, "हळदीला पोरांच्या बसायची सोय लागंल. त्याबिगर आमच्यात हळद न्हाई." आईचा चेहरा पडला. अण्णा पंख्याकडे बघायला लागले. माझ्या तोंडून निघून गेलं, "पण नवरदेव चोवीसचा आहे. कायद्याने त्याला बियर चालते, दारू पंचविसाव्या वर्षी."

झालं, सभाच भरली! "एकविसाव्या वर्षी संसार झेपतो, मग येक पेग झेपत न्हाई व्हय?" दादासाहेब म्हणाले. कुणी म्हणे वय अठरा करा, चोरून पिणं तरी थांबेल. कुणी म्हणे तीस करा. सार्थक सरळ म्हणाला, "मी मित्रांबरोबर कधीतरी बियर घेतो, तनुजाला माहीत आहे." खरंच माहीत आहे, आणि मला त्याचं काही वाटत नाही. घेणारा प्रत्येक जण वाया जातो असं मी कधीच म्हणणार नाही.

तेवढ्यात दादासाहेब म्हणाले, "मापात घेतली की काय बी होत न्हाई."

मापात! दादा, तुझा शब्द. चाकणच्या कंपनीत दिवसभर पार्टची मापं तपासून यायचास आणि म्हणायचास, "मापात आहे गं, तनू." आधी माप होतं औषधाच्या बाटलीचं टोपण. मग आईची आमटीची वाटी. मग पाण्याचा पेला. माप रोज होतंच, फक्त भांडं बदलत गेलं.

आता रागावू नकोस. घरच्यांनी सार्थकच्या मंडळींना सांगितलं होतं की तू ट्रेनिंगला चेन्नईत आहेस. मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, माझा भाऊ चेन्नईत नाही, व्यसनमुक्ती केंद्रात आहे, आणि तोही मापातच घ्यायचा. "हळदीला ग्लास फिरले तर तो येणार नाही, आणि तो नसेल तर मी बोहल्यावर चढणार नाही. तुमच्या उंबरठ्यावरचं तांदळाचं माप मी आनंदाने लवंडेन, पण हे माप नको."

आईने पदर तोंडाला लावला. मला वाटलं, मोडलं लग्न.

सार्थकची आई, शालनबाई, दिराकडे वळल्या. "भावजी, पोरीचा सख्खा भाऊ न्हाई ती हळद कसली? ह्या खेपंला आमी बाया नाचतो, तुमी सरबत प्या." दादासाहेब गाल फुगवून बसले. शेवटी म्हणाले, "सरबत तरी मापात देऊ नका!" किती हसलो म्हणून सांगू! अण्णासुद्धा हसले, बऱ्याच दिवसांनी.

तर हे तुझ्या ओळीचं उत्तर. ग्लास फिरतील, कोकम सरबताचे. अण्णा तुझ्या डॉक्टरांना भेटणार आहेत, दोन दिवस सोडतील असं वाटतंय.

राहिला कान. नवरदेवाचा कान पिळायचा मान नवरीच्या भावाचा. आपला मावसभाऊ खंडू आत्तापासूनच बाह्या सरसावतोय. मी सार्थकला सांगितलं, दादाचे हात अजून थरथरतात, लोक बघतील म्हणून तो पुढे यायचा नाही. सार्थक म्हणाला, "थरथरत्या हाताने पिळला तर कमी दुखेल. त्यांनाच बोलव."

खंडूला मी हाकलून दिलंय. कान राखून ठेवलाय.

बोहल्यावर तुझ्याशिवाय न चढणारी,
तनू