साडूची कडक डिस्क

रविवार, संध्याकाळ. लातूर.

साडू आज दिवसभर बाभळीतच होता. काट्यानं पांढऱ्या शर्टाची बाही फाटली, पण मला दया आली नाही. का यावी? उदगीरला दुसरं दुकान काय टाकलं, माझ्याशी नोकराशी बोलल्यासारखा बोलतो.

डिस्क गोल्फचं, म्हणजे प्लास्टिकच्या चकत्या लांबून टोपलीत फेकायच्या खेळाचं खूळ त्याच्या डोक्यात शिरलं तेव्हा लांब फेकायची डिस्क कोणती घेऊ, हे त्यानं मलाच विचारलं. खरं उत्तर सोपं होतं. त्याच्या हाताला वेग नाही, त्याला अंडरस्टेबलच पाहिजे. ती कमी जोरातही जराशी उजवीकडं वळून लांब तरंगत जाते. मी म्हणालो, "तुमच्या पैलवानी हाताला ती कशाला? कडक घ्या." गडी फुगला. आता कडक डिस्क असल्या हातातून सुटली की डावीकडं कोसळते, आणि आमच्या रानात डावीकडं नुसत्या बाभळी.

मग आज मेहुणीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, माझी निळी अंडरस्टेबल डिस्क सहज फेकली. ती सगळ्यांच्या पुढं गेली.

"दाजी, यांना ही का न्हाई सांगितली?"

"ती कमजोर हाताची हाय."

तिनं माझी पिशवी उलटी केली. "मग तुमच्या सगळ्या निळ्याच कशा?"

माझे कान तापले. पण साडूच तिच्यावर खेकसला, "गप गं, त्यांना कळतंय." फाटकी बाही वर सारत त्यानं विचारलं, "पाव्हणं, पुढची कोणती घेऊ?"

मी म्हणालो, "याहून कडक."