सांडवा काढतो म्हणालात

कुंभारी,
१४ सप्टेंबर २०२५

आदिनाथभावजींना वैजयंतीचा नमस्कार.

हितं समदी बरी हायती असं लिहायची पद्धत हाय, म्हणून लिहिलं. तुमी फोन उचलत न्हाय, तवा तुमच्या चिंचोळीच्या कंपनीत येणाऱ्या दिपकच्या हाती चिठ्ठी देतेय. म्हैस व्याली. पावसानं मागची भिंत ओलावलीय. झाल्या बातम्या.

आता वावराचं. वरचं रान तुमचं, खालचं आमचं, मधी मामंजींनी माती अडवायला घातलेली ताल. तालीला दगडी सांडवा, जादाचं पाणी सावकाश उतरायला. तुमी जेसीबी लावून सांडव्यासकट ताल सपाट केली. का, तर ट्रॅक्टर मधी वळवावा लागतो. नांगरटही उताराच्या दिशेनं. मंगळवारच्या पावसाचं सगळं पाणी त्या नांगराच्या तासातासानं आमच्यात घुसलं. काळी माती वड्याला वाहून गेली, मुरूम उघडा पडला. शाळू काय मुरमात पेरू?

वर गावात सांगत फिरता, "दादाच म्हणाला काढ." लाज कशी वाटत न्हाय? फोनवर तुमी ह्यांना म्हणालात, "सांडवा काढतो." आपल्यात चर काढतात, पाट काढतात, तसा गाळानं बुजलेला सांडवाही काढतात, म्हणजे मोकळा करतात. त्यांना वाटलं, भावानं मनावर घेतलं. खूश होऊन म्हणाले, "काढ की." मी शेजारीच होते. ते काय समजले ते तुमाला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर लगेच फोन ठेवलात.

तुमच्याबद्दल मला बोलू देत न्हाईत. "मीच व्हय म्हणालो," एवढंच. त्या दिवसापासनं अन्नावर वासना न्हाय. कमरेला पट्टा बांधून वड्यातली माती घमेल्यानं वर आणतात. थोडी आणली की तिथंच बसून ऱ्हातात. मी बघते आणि तुमाला शिव्या घालते, मोठ्यानं.

ताल आमची आमी घालू. माझे भाऊ येतायत. दगडं रचू, माती धरायला कडेनं वाळ्याचं गवत लावू. तुमचा हात नको. तुमी फक्त या आणि त्यांना तोंडावर सांगा, "दादा, मी तुला फसवलं, तुझी चूक न्हाय." माझं ते ऐकत न्हाईत, तुमचं ऐकतील. तेवढ्यासाठी लिहिलं, न्हायतर तुमच्यावर कागद वाया घालवला नसता.

सांगून झालं की निघा. चहा ठेवणार न्हाय.

तुमच्या दादाची बायको,
वैजयंती