होळीचा खड्डा कोणाचा?

१४ फेब्रुवारी १९५७, माघी पौर्णिमा

जिंकलो म्हणे आपण! सकाळपासून घरात दुसरा विषय नाही. चौकात होळीचा दांडा रोवायचा खड्डा आज मामंजींनी स्वतः खणला. पहिली कुदळ मारताना 'होळी माते की जय' इतक्या जोरात ओरडले की सासूबाईंच्या हातातलं ताट हललं.

हकीकत मला लग्नानंतर तुकड्यातुकड्याने कळली. खड्डा खणायचा मान आपल्या घराचा, होळी पेटून गेल्यावर तो बुजवायचा मान समोरच्या लीलाधरशेठच्या घराचा. पणज्यापासून असंच. मग लीलाधरशेठना वाटलं, खणायचाही मान आपल्याला हवा. झालं — कोर्ट! मागच्या उन्हाळ्यात निकाल लागला: खणण्याचा हक्क कौतिकशेठचा, म्हणजे मामंजींचा. तो इंग्रजी निकाल काचेच्या चौकटीत घालून बैठकीत टांगलाय. सासूबाई त्याला हळदीकुंकू वाहतात. खरंच वाहतात!

निकालानंतरची ही पहिलीच होळी, म्हणून यंदा हौसेने खड्डाही केवढा केला. रुंद, आणि माझ्या गुडघ्यापेक्षा खोल. लीलाधरशेठ ओट्यावरून ओरडले, "निकाल जुन्या राज्याचा! नागपूर गेलं, भोपाळ आलं. आता तो कागद चुलीत घाला!" मामंजी कुदळीवर हात ठेवून म्हणाले, "राज बदलू दे नाही तं बुडू दे. निकाल कायम!"

राज्य बदललं, राजधानी बदलली हे मात्र खरं. लग्न झालं तेव्हा माझं मलकापूर आणि हे बऱ्हाणपूर एकाच राज्यात होतं. नोव्हेंबरपासून माहेर परराज्यात. आईला पत्र टाकताना अजून हात अडखळतो.

तापीपलीकडची सरुबाई भाजी विकायला आली तेव्हा तिला सगळं सांगितलं. पदर तोंडाला लावून हसली. "माय वं! गड्ढ्यासाठी कोर्ट? आमच्या जैनाबादले या, पाह्यजे तितके गड्ढे खना!"

१५ मार्च

होळी. धूर, नारळ, बोंबा. डोळे चुरचुरतात, अधिक लिहवत नाही.

१८ मार्च

दांडा जळून गेला, खड्डा तसाच आहे. वरून राख पसरली आहे, इतकी सपाट की सारवल्यासारखी दिसते. मी काठी घालून पाहिली — सरळ आत गेली.

मामंजींना विचारलं, बुजवणार कोण? "बुजवनं त्या घराचं काम. आपन पाटी उचलायची का आता?" नळावर लीलाधरशेठची सून कमल भेटली, तिलाही विचारलं. ती म्हणाली, "खननं तुमचं म्हनून कोर्टातून लिहून आनलं ना? मंग बुजवा बी तुमीच!"

म्हणजे खणायला दोन घरं भांडली, बुजवायला एकही नाही. यांना सांगितलं. हे मोतीलाल वकिलांकडे कारकून आहेत, दिवसभर भांडणंच लिहितात. हसले आणि कूस बदलून झोपले.

१९ मार्च

सरुबाई पडली. त्याच खड्ड्यात.

अजून नीट उजाडलंही नव्हतं. डोक्यावर भाजीची टोपली. राखेवर पाय ठेवला आणि पाय आत. बाकीचं शरीर पुढे गेलं. मी किंकाळी ऐकून धावले तर वांगी, मेथी चौकभर, आणि ही राखेत बसलेली. रडत नव्हती. "पाय कुठं गेला माझा, पाय कुठं गेला," एवढंच विचारत होती.

मला अजून तेच ऐकू येतंय.

२१ मार्च

यांच्याबरोबर दवाखान्यात जाऊन आले. मांडीचं हाड. डॉक्टर म्हणाले जुळेल, पण पाय आखूड राहील. सरुबाईला मूल नाही, नवरा नाही. एक भाऊ, दगा. तापी ओलांडून बऱ्हाणपुरात यायचं, घरोघरी टोपली उतरवायची, दुपारी परत — हाच तिचा संसार. लग्न होऊन आले तेव्हा या गावात माझ्याशी पहिल्यांदा कोणी हसून बोललं असेल तर ती. मला म्हणाली, "टोपली डोक्यावर घेऊन आता नदी पार नही होनार, मालतीबाई." मग मेथीचं काय झालं ते विचारत बसली.

येताना चौकात पाहिलं. दगा एकटाच आला होता, कोणाशी न बोलता पाटीने माती टाकत होता. खड्डा भरला, पायाने दाबला आणि निघून गेला. एवढंसं काम! मला दोन्ही घरांचा इतका राग आला — आपलंही घर त्यात आलं.

२५ मार्च

जेवताना यांना प्रश्न विचारून भंडावलं.

रस्ता कोणाचा? — सगळ्यांचा. सगळ्यांचा म्हणजे कोणाचा? — कमिटीचा, म्हणजे नगरपालिकेचा. मग जबाबदार कमिटी? — नाही, कमिटीने होळीला परवानगी दिली ती अट घालून, की खणणाऱ्याने जागा होती तशी करून द्यायची. मग खणणारा जबाबदार? — हो. सगळ्यांच्या वाटेत धोका उभा केलास आणि कोणाला लागलं, तर तुझी जबाबदारी. खड्ड्यापाशी दिवा लावला असता तर? — मग बोलायला जागा होती. आणि बुजवायचा ज्याचा रिवाज, तो? — तोही अडकतो, रिवाज सिद्ध झाला तर. सिद्ध कसा होतो? — साक्षीदार आणायचे, वर्षं घालवायची. किंवा त्याने स्वतः कबूल करायचं. "आणि असं कोणी कबूल करत नसतं," हे म्हणाले.

"तू वकील व्हायला हवी होतीस." मी विचारलं, बायका होतात? तर म्हणाले, भात संपव.

२ एप्रिल

दगा मोतीलाल वकिलांकडे गेला होता. आज दोन्ही घरांना नोटीस आली. गंमत म्हणजे नोटीस यांच्या हातची! वकिलांनी सांगितलं, यांनी लिहिली. दुसरं काय करणार? मामंजींनी कागद उघडला आणि अक्षर ओळखलं. यांच्याकडे वळले. "वेलांटी अजून तशीच काढतो," म्हणाले, आणि उठून आत गेले.

संध्याकाळी दिवा लावायला बैठकीत गेले तर भिंतीवर चौकट नाही! चौकोनी पांढरा डाग फक्त. सासूबाई हळदीकुंकवाची वाटी हातात धरून त्या डागाकडे बघत उभ्या.

आता ऐका. मामंजी म्हणतात, "तो निकाल जुन्या राजचा. आता त्याचा काय मतलब?" आणि समोरच्या ओट्यावरून लीलाधरशेठ म्हणतात, "राज बदलू दे, निकाल कायम! गड्ढा त्यांचाच!" माघी पौर्णिमेला जे जे बोलले ते दोघांनी अदलाबदल करून घेतलं. मी स्वयंपाकघरात जाऊन तोंड दाबून हसले. मग सरुबाई आठवली आणि हसू गेलं.

यांना विचारलं, राज्य बदललं की निकाल रद्द होतो? — "मुळीच नाही. माणसं, जमिनी, निकाल, सगळं तसंच नव्या राज्यात जातं." मग खड्डेही गेले असणार.

५ एप्रिल

मामंजींचं नवं म्हणणं — "चालनाऱ्याने खाली बघावं. डोळे कशाला दिलेत?"

असं असेल का? मला चैन पडेना. दुपारी सगळे लवंडल्यावर परसात गेले, टोपलीत दोन पायल्या ज्वारी घातली, चुंबळ केली आणि टोपली डोक्यावर घेऊन चालले. खाली बघितलं की टोपली निसटते. मान ताठच ठेवावी लागते, आणि मान ताठ असली की आपली बोटं दिसतच नाहीत! चार हात पुढची जमीन दिसते, पण राख तर लांबून सपाटच दिसते. मी पुन्हा पुन्हा करून पाहिलं. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या कधी, कळलंच नाही.

"काय करतेस हे?"

सांगितलं. मला वाटलं आता ऐकावं लागणार. त्या पुढे आल्या, टोपली माझ्या डोक्यावरून स्वतःच्या डोक्यावर घेतली, परसात एक फेरी मारली आणि खाली ठेवून आत निघून गेल्या. रात्री मामंजींना वाढताना म्हणाल्या, "डोळ्याचं पुन्हा बोलू नका." बस!

३ मे

सरुबाईचा दावा कोर्टात लागला, दोन्ही घरांची उत्तरं गेली. आपलं — खणायचा मान होता, बुजवायचा कधीच नव्हता. त्यांचं — बुजवायचा असा रिवाजच नव्हता. मोतीलाल वकील यांना म्हणाले, "रमेश, दोघं एकमेकांकडे ढकलत राहिले तर बाईची काठी झिजेल पण दावा सुटणार नाही."

सरुबाई दगाच्या घरी खाटेवर आहे. भावजय बोलून दाखवते म्हणे. दगा सांगताना खाली बघत होता.

रात्रभर एकच कोडं — ज्या खड्ड्यासाठी दोन्ही घरं कोर्टाची पायरी चढली, तो आता कोणालाच नको? की नको असं नुसतं म्हणताहेत?

१४ मे

आज नळावर कमल. मी हंडा लावला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "कमलताई, तुमच्या घराचा बुजवायचा मान कधी नव्हताच का हो?"

"कोन म्हनतं?"

"तुम्हीच. कोर्टात लिहून दिलंत ना."

"ते... ते वकिलाने लिहिलं. मान नही कसा? माझे आजेसासरे पहिली पाटी टाकायचे, वाजतगाजत!"

"अगंबाई! मग नव्हता म्हणून तुम्हीच लिहून दिल्यावर तो कायमचाच गेला की. पुढच्या वर्षी आमच्या मामंजींनी बुजवायचाही मान घेतला तर तुम्हाला बोलता येईल?"

यात मी खोटं काही सांगितलं नाही. यांना आधी विचारून घेतलं होतं. कमलची घागर भरून वाहत होती, तिचं लक्ष नव्हतं.

घरात कळलं तर?

२७ जून

आज तारीख होती. हे घरी आले ते हसू आवरत नव्हतं. सगळं पुन्हा पुन्हा सांगायला लावलं.

लीलाधरशेठ उभे राहिले. त्यांच्या वकिलाने कोट ओढला तरी बोलले, "साहेब, लिहिलेलं बदलायचं आहे. होळीचा गड्ढा बुजवायचा हक आमच्या घराचा. पन्नास माणसं साक्षीला आनतो. यंदा आमी नही बुजवला, पन हक आमचाच!"

हे ऐकताच मामंजी तिकडून उठले. "कोनाचा? खनायचा बी आमचा आन् बुजवायचा बी आमचाच! सगळा गड्ढा आमचा!"

न्यायाधीशांनी लेखणी खाली ठेवली. "तुम्ही दोघं काय कबूल करताय ते कळतंय का? त्या खड्ड्यात एका बाईचा पाय मोडलाय."

लीलाधरशेठ म्हणाले, "कळतंय." दगाने सरुबाईला बैलगाडीतून आणलं होतं, ती मागे बाकावर पाय लांब करून बसलेली. मामंजींनी मागे वळून तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "कळतंय, साहेब. लिहून घ्या."

लिहून घेतलं. दोघांचंही. हे सांगतात, मोतीलाल वकिलांनी रुमाल तोंडावर धरला होता.

मी पाटावर बसून रडले. आनंदानेच, पण रडले.

३० जून

भरपाई दोघांनी मिळून द्यायची ठरलं. त्यातही भांडण — मोठा वाटा कोणाचा! मोतीलाल वकील म्हणाले, असे पक्षकार आयुष्यात पाहिले नाहीत.

सरुबाई आता घरोघरी फिरणार नाही. चौकात लीलाधरशेठच्या ओट्याखाली बसणार, माल दगा गाडीने आणून देणार. डोक्यावर छत्री आपल्या घरची असावी असा मामंजींचा हट्ट. आज बसली होती. एक पाय पुढे, शेजारी काठी, समोर मेथी. चालताना कमरेतून लचकते, बघवत नाही. मला म्हणाली, "मालतीबाई, आता गिऱ्हाईकच चालत येतं माझ्याकडं. मी काहून उठू?" हसली. पण तापीकडे बघून म्हणाली, पाण्यात पाय घालून किती दिवस झाले.

चौकट भिंतीवर परत आली. सासूबाईंनी काच पुसली. हळदीकुंकू मात्र नाही वाहिलं.

४ जुलै

मामंजींनी हाक मारली. बैठकीत एकटेच होते. म्हणाले, "नळावर कमलला तूच बोलली ना?"

खोटं बोलवेना. हो म्हटलं.

ते चौकटीकडे वळले. मग म्हणाले, "बरं केलं, पोरी. चुकलो असं मला म्हनता आलं नसतं. आमचं म्हनता आलं."