चारशे बारा मोबाइल, एक अळी

२ ऑक्टोबर २००८
आजपासून उर्मिलाच्या चकलीच्या भाजणीचं मार्केटिंग माझ्याकडे. व्हीआरएस घेतल्याचं आता सार्थक होणार. बारा वर्षं बायको नुसती तोंडी विकतेय. बायका नाव घातलेले स्टीलचे डबे आणून ठेवतात, ही दिवाळीआधी भरून देते. याला ती धंदा म्हणते! अंधेरीच्या सेमिनारमध्ये शिकलोय, हे डबे नव्हेत, डेटाबेस आहे. सध्या चौतीस. गॅलरीत रचून ठेवलाय.

५ ऑक्टोबर
वेबसाइट सुरू. ट्रॅफिक : एकवीस हिट्स. उर्मिलाने विचारलं, यातल्या तुमच्या किती? अडाणी प्रश्न. मालक काय व्हिजिटर नसतो?

९ ऑक्टोबर, दसरा
क्रायसिस. समोरच्या विंगमधल्या सुगंधा वहिनींच्या भाजणीत अळी निघाली. भाजणी आपलीच, पण गेल्या वर्षीची, माळ्यावर विसरलेली. उर्मिला आणि वहिनी दोघी हसल्या, चहा प्यायल्या, विषय संपला म्हणे. इतका बेफिकीर धंदा आयुष्यात पाहिला नाही. सेमिनारच्या नोट्स बाहेर काढल्या. पान सात : अफवा पसरण्याआधी आपणच बोला.

१० ऑक्टोबर, सकाळी ११
बल्क एसएमएस. इंद्रलोक कॉम्प्लेक्सपासून पार पेणकरपाड्यापर्यंत चारशे बारा मोबाइल. मजकूर माझा : ‘उर्मिलाच्या भाजणीत अळ्या नाहीत. अफवांवर विश्वास ठेवू नका.’ ठाम. उर्मिलाला सांगितलं नाही. सरप्राइज.

दुपारी ४
जबरदस्त रिस्पॉन्स. रिस्पॉन्स म्हणजे ऑर्डर, असं कालपर्यंत समजत होतो. चूक. फोन आला की रिस्पॉन्स. एकोणीस आले. सगळ्यांचा प्रश्न एकच, कसल्या अळ्या?

१२ ऑक्टोबर
फूटफॉल वाढला. दारात बायकांची रांग. रिकामे डबे परत मागतायत. कोणी गावाला जातेय, कोणाच्या सासूला अचानक तळलेलं बंद. खोटारड्या सगळ्या. पण आल्या ना? ग्राहकाला दारापर्यंत आणणं हेच सगळ्यात कठीण असतं.

१४ ऑक्टोबर
डेटाबेस : एक. सुगंधा वहिनींचा. वीस किलो धान्य भाजून पडलंय. उर्मिला त्याच्यापाशी बसून होती. डोळे लाल. धूर असणार. गॅस बंद होता, तरी असणार.
खुलाशाचा खुलासा करणारा दुसरा एसएमएस लिहिला. पाठवणार तर मोबाइल उर्मिलाच्या कपाटात, कुलूप लावून.

१८ ऑक्टोबर
उर्मिला आणि सुगंधा वहिनी दोन दिवस चकल्या तळतायत आणि ताटलीत घालून घरोघर वाटतायत. फुकट! वर वहिनी प्रत्येक दारात आपल्या माळ्याची आणि अळीची गोष्ट स्वतःच सांगतात. नोट्समध्ये असलं काही कुठेही नाही. डोक्याला हात लावून बसलोय.

२२ ऑक्टोबर
एकतीस डबे परत आले. माझ्या कॅम्पेनचा इफेक्ट, जरा उशिरा. उर्मिलाला तसं म्हणालो. तिने भरलेल्या डब्यांच्या दोन पिशव्या हातात दिल्या, पोचवायला.

२५ ऑक्टोबर
इंद्रलोक, पाचवा मजला, लिफ्ट बंद. ओळख करून द्यायला कार्ड काढणार होतो, पण दोन्ही हातांत डबे. बाईंनी माझ्यासमोर झाकण उघडून बोटाने भाजणी वरखाली करून पाहिली. मग आत ओरडून सांगितलं, भाजणी आली गं, उर्मिलाताईंनी माणूस ठेवलाय. आणि मला हळूच विचारलं, तो अळ्यांचा एसएमएस पाठवणारा कोण होता, त्याला काढला ना?
काढला, म्हणालो.