चाचा, घाटातला जॉइंट पास झाला

चाचा, तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं झाली. एवढ्या काळात कधी तुमच्यासाठी कागद हातात घेतला नाही, पण आज सकाळपासून माझ्या पोटात आनंद मावत नाहीये आणि तो ज्याला कळेल असं माणूस तुमच्याशिवाय दुसरं दिसत नाही. बायकोला फोन केला तर ती म्हणाली, "बरं झालं. जेवलात का?" तिचंही बरोबरच आहे. जुन्नरच्या बाजारपेठेमागं तुमच्या शेडमध्ये गेट, खिडक्यांच्या जाळ्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या जोडणारा हा शिनोलीचा पावणा आता माळशेज घाटात गॅसची पाइपलाइन जोडतो. सिलिंडरमधला गॅस नव्हे हं, नळाच्या पाण्यासारखा पाइपातून थेट घरात येणारा. हे ऐकून तुम्ही मिशीत हसला असता आणि म्हणाला असता, "पावणं, लई फेकू नका."

घाट तुमच्या ओळखीचाच आहे. पण भर थंडीत रस्त्याच्या कडेला चर खणून त्यात उतरायचं, म्हणजे काय हे तिथं उतरल्यावरच कळतं. एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला दरी, अर्धा रस्ता आमच्यासाठी बंद आणि उरलेल्या अर्ध्यावरून कांद्याचे ट्रक. सकाळी धुकं असं बसतं की आधी हॉर्न ऐकू येतो आणि मग कितीतरी वेळानं दिवे दिसतात. वळणावर मढ गावचा एक भाऊ लाल झेंडा आणि शिट्टी घेऊन उभा असतो. एक शिट्टी म्हणजे सावध राहा, आणि शिट्ट्यांवर शिट्ट्या म्हणजे हातातलं टाकून चराबाहेर पळा. भीती वाटते, नाही असं नाही. पण ठिणगी पडली, त्या निळ्या उजेडात धुकं पेटल्यासारखं दिसायला लागलं, की मला घरच्यापेक्षा तिथं बरं वाटतं.

परवा शेवटचा जॉइंट होता. त्याला आमच्यात गोल्डन जॉइंट म्हणतात. दोन्हीकडची लाइन आधी पाण्याच्या दाबानं तपासून झालेली असते, पण त्या दोघींना जोडणाऱ्या या एका जॉइंटची तशी परीक्षा घेता येत नाही. त्याचा फक्त एक्स-रे काढतात आणि फिल्ममध्ये दोष दिसला तर कापून टाकतात. माझे या कामावरचे दोन जॉइंट आधीच नापास झाले होते. तिसरा गेला की वेल्डरचं कार्ड काढून घेतात आणि मग कुठल्याच लाइनवर उभं करत नाहीत. दुसरा वेल्डर तापानं पडला होता म्हणून माझ्यावर वेळ आली, नाहीतर साहेबांनी मला तिथं उतरवलंच नसतं.

तुम्हाला ती ट्रॉलीची कडी आठवते का? मी नवीन होतो, लग्न होऊन दोन वर्षं झालेली, घोड्यासारखा वाढलेला, आणि हात बसला म्हणून छाती फुगवून फिरत होतो. डिसेंबरातली सकाळ, लोखंड दवानं ओलं आणि बर्फासारखं गार. मी तसाच टाका मारला. वरून इतका सुरेख की तुम्हाला मुद्दाम बोलावून दाखवला. तुम्ही म्हणालात, "दिसाया झ्याक हाय. पर ट्रॉलीला काय हार घालायचाय व्हय?" आणि घणाचा एकच घाव. कडी तुटून माझ्या पायाशी पडली. मग तुम्ही मला मागं स्वयंपाकघरात नेलंत आणि चाचींना सांगितलंत, "चूल इजव. तवा गार हुंदे, मग याला भाकरी टाकू दे." मी टाकली. ती तव्याला अशी चिकटली की उलथन्यानं खरवडून काढावी लागली. चाची तोंडाला पदर लावून हसत होत्या आणि ते कच्चं पीठ तुम्ही मलाच खायला लावलंत. "आता न्हाई इसरायचा," म्हणालात. तेव्हा तुमचा इतका राग आला होता की दोन दिवस कामावर आलो नाही.

तर परवा. पाइप बर्नरनं तापवून घेतो, खडू घासून बघतो. पाइप हवा तेवढा तापला की आमचा हा खडू वितळतो. तो वितळतो, मी पहिला थर पुरा करतो, आणि तेवढ्यात शिट्ट्यांवर शिट्ट्या! चराबाहेर उडी मारून कातळाला चिकटतो. कांद्याचा ट्रक आमचे कठडे पाडत चरापासून दोन हातांवर थांबतो. ड्रायव्हर खाली उतरून म्हणतो, "ब्रेकच लागंना, राव." ट्रक बाजूला घ्यायला अर्धा तास गेला. मी परत खाली उतरलो, खडू घासला, तो वितळेना. वर दोन्हीकडं गाड्यांची रांग, हॉर्नचा कल्ला. साहेब ओरडले, "मार पुढचा थर, रस्ता मोकळा करायचाय!" मी म्हणालो, "नाही साहेब, पाइप गार पडलाय. परत तापवल्याशिवाय हात लावणार नाही." ते म्हणाले, "फेल गेला तर तू घरी जाशील." मी म्हणालो, "जाईन." आणि बर्नर पेटवला. माझ्या तोंडून एवढं निघालं यावर माझाच विश्वास बसेना.

आज सकाळी साहेबांनी उजेडाच्या पेटीवर फिल्म धरली. साफ, चाचा! एक ठिपका नाही! साहेबांनी सगळ्यांदेखत पाठीवर थाप मारली, परवा ओरडल्याबद्दल चहा पाजला आणि विचारलं, "गार पाइपाचं एवढं कुठं शिकलास रे?"

मी म्हणालो, "पुण्याला, सर. ट्रेनिंग सेंटरमध्ये."

तिथं मी जेमतेम दोन महिने होतो, सर्टिफिकेटापुरता. तुमचं नाव अगदी ओठांवर आलं होतं, चाचा. पण साहेबांपुढं मला जाळ्या-गेटांच्या शेडची लाज वाटली.