पन्नास किलोच्या आत

१२ नोव्हेंबर
आरतीच्या जुन्या वहीची मागली पानं कोरी हायत, तिथंच लिहिते. कबड्डीचं. पोरीसंगं एक बाई पाहिजे म्हणून तांड्यानं मला धाडलं, म्हणे दुसरी कुणी मोकळी न्हाई. मी कुठं मोकळी हाय. पन्नास किलोच्या आतला गट, चार गावं. पहिल्या दोघांत शेवटचा सामना, जिंकंल ते जिल्ह्याला. माझी लेक आरती डाव्या कोपऱ्यात. पाय धरला की सोडत न्हाई. तिचं हे शेवटचं साल, पुढं वजन मावणार न्हाई.

१६ नोव्हेंबर
शिरड शहापूर. जिंकलो, तीन गुणानं. शिकवणारा रामू भिया, त्याचाच आटो, चालवता चालवता नाचून राहिला. म्हणलं समोर बघ.

२३ नोव्हेंबर
कनेरगाव नाका. जिंकलो. मैदानात नुसते खडे, चौघींचे गुडघे फुटले. ट्रकवाले थांबून बघत होते. एकानं शिट्टी मारली. मी गेले त्याच्याकडं. मग न्हाई मारली.

२९ नोव्हेंबर
उद्या सिद्धेश्वर. ते लोक वजन बघतात म्हणे. आतापर्यंत कागदावर लिवलं तेच चाललं. सगळ्या पोरी व्यापाऱ्याच्या काट्यावर चढवल्या, सोयाबीनच्या पोत्यावाणी. आरती ४९.२००. चार दिवस नुसत्या ताकावर होती. म्हणलं आठशे ग्रॅम शिल्लक हाय, सकाळी जेवून जायचं.
"याडी, नको."
उपाशीपोटी काय पकडशील, चिमणी?

३० नोव्हेंबर
दोन भाकरी खायला लावल्या मी. तिथल्या काट्यावर ५०.९००. पंचानं बाहेर काढली. सहाच पोरी खेळल्या. अकरा गुणानं हरलो. आरती धरणाकडं तोंड करून बसली. आटोत एकदाच बोलली, "सांगितलं होतं नं."

१ डिसेंबर
पीठ मळताना डोक्यात आलं. दोन भाकरी पावणेदोन किलोच्या नसतात.

२ डिसेंबर
डीएपी खताचं पोतं, शिवण न उसवलेलं, रामू भियाच्या पाठीवर घालून व्यापाऱ्याकडं नेलं. पोतं पन्नासचं. काटा म्हणतो ४८.८००.
"मावशी, थंडीनं होतं असं काट्याला."
म्हणलं थंडी बरी तुझ्याच बाजूनं पडते.
कितीक साल सोयाबीन ह्याच काट्यावर घातलं. त्याचं नंतर बघते. आधी सामना.
आरतीला सांगितलं, चूक काट्याची.
ती म्हणली, "भाकरी तर तुझीच होती."
बराबर हाय.

७ डिसेंबर
दोन जिंकले होते म्हणून शेवटच्या सामन्यात हाओत. समोर परत सिद्धेश्वरच. पहाटे व्यापाऱ्याला उठवून काटा लावला, ४८.७००. त्याची चोरी एक किलो दोनशे, ती मिळवली. म्हंजे शंभर ग्रॅम शिल्लक. काल सांजेपासून तिनं पाणी बी घेतलं न्हाई. मी खा म्हणले न्हाई. लई तकलीफ झाली गप बसायला.

आता वजनाच्या रांगेत हाओत. पुढं दोघी. आरतीनं पैंजण काढून माझ्या मुठीत दिले, केसाच्या पिना बी. भाकरी फडक्यात बांधून मांडीवर ठेवली, वजन झालं की लगेच.
पुढं एकच राहिली.
"याडी, ती वही ठेव. माझी चप्पल धर."
काट्यावर चढून राहिली