मेंदीच्या आधी राक्षस

अक्का,

राक्षस मेला! म्हणजे, मेला नाही. तू वर काही वाचलेलं नाहीस.

तू झोपली होतीस तेव्हा मी नुसता सराव करत होतो, आणि बाण नेमका त्याच्या डोळ्यात गेला. लगेच कालचा सेव्ह केलेला खेळ परत उघडला. राक्षस ठणठणीत आहे, त्याची एक थप्पड खाऊन खात्री केली. शेवटचा वार तुझाच, ठरल्याप्रमाणं.

असला खेळ दुसरा न्हाय! आईच्या मालिकेतली सासू तीनदा मरून परत आली, तेव्हा मी लई हसलो होतो. ते हसणं मी मागं घेतो.

मेंदीवालीला संध्याकाळी बोलावलंय, ओल्या मेंदीनं कंट्रोलर धरता येत नाही. मी लोहाऱ्याहून इन्व्हर्टरची बॅटरी आणतो, ऐन लढाईत लाईट जायला नको. उद्या तू सासरी गेल्यावर तुझा कंट्रोलर कपाटात राहील. मामाच्या पोरांना सांगितलंय, बिघडलाय.

विनंती अर्ज: भूकंपानंतर आपलं सास्तूर गाव एकदा नव्यानं वसवलेलं आहेच. तरी ते पुन्हा उचलून सोनारीत, अक्काच्या सासरच्या घराला लागून, एकाच वायफायवर येईल असं वसवण्यात यावं.

आपला नम्र,
पंचाक्षरी